‘काकांचा अंदाज’ नावाचा रकाना

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. पंचवटीतल्या ज्या बोळात मी वाढले, तिथे सकाळी दार उघडलं की समोरच्या गुरुजींकडची ताम्हन-पळी घासल्याचा आवाज यायचा. अशा घरातली मुलगी माशांच्या अंडाशयावर पीएच.डी. करायला निघाली, तेव्हा आई पहिले काही महिने शेजारी ‘बायॉलॉजीत काहीतरी करते’ एवढंच सांगत असे. मग एका हळदीकुंकवाला कुणीतरी फारच खोदून विचारलं, तशी ती वैतागून म्हणाली, “माशांची बाळंतपणं करते. झालं समाधान?” त्या दिवसापासून बोळात माझं नाव ‘माशांची सुईण’ पडलं.

मला ते नाव मनातून आवडायचं. चारचौघांत मी रागावल्यासारखं करायची, एवढंच. पण खरं सांगायचं तर त्या कामातली सुईण मी नव्हतेच. सुईण होते काका, आणि त्यांच्याशी मी जे वागले, ते आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

काका म्हणजे हॅचरीवरचे काका. शहराच्या पश्चिमेला एका धरणाच्या पायथ्याशी ही खासगी हॅचरी होती. पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षवाल्याने काढलेली. आपल्याकडे शेततळी झाली, शेततळ्यांत लोक मासे सोडायला लागले, तेव्हा त्या मालकाने ओळखलं की बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, मागणी येणार. त्याने तळी खणली, सिमेंटचे गोल हौद बांधले आणि पेठच्या बाजूच्या डोंगरातून द्राक्षबागेत मजुरीला येणाऱ्या एका माणसाला तिथे ठेवून घेतलं. तेच काका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते पन्नाशीच्या पुढचे असतील. बारीक अंगकाठी, डोक्याला टॉवेल, आणि हात मात्र अंगाच्या मानाने मोठे.

रोहू हा मासा साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. पोटात अंडी असतात, भरलेली असतात, पण वाहतं पाणी आणि पूर यांची खूण मिळाल्याशिवाय ती पिकून बाहेर पडत नाहीत. म्हणून हॅचरीत मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देतात. ते देण्याची वेळ चुकली की खेळ संपला. अंडी तयार होण्याआधी दिलं तर मादी अडते, कधी मरते. उशीर झाला तर अंडी पोटातच विरून जातात. माझा विषय हाच होता. अंड्यातला बलक ज्या प्रथिनापासून बनतो, ते प्रथिन मादीच्या यकृतात तयार होतं, रक्तातून अंडाशयात जातं आणि अंड्याअंड्यात साठतं. यकृतातलं ते जनुक कधी जागं होतं, कधी थांबतं, आणि रक्तातल्या प्रथिनाच्या पातळीवरून मादी तयार आहे की नाही हे सांगता येईल का, हे मला शोधायचं होतं.

पहिल्याच भेटीत मी काकांना हे सगळं समजावलं. ते तळ्याच्या बांधावर उकिडवे बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, “म्हंजे आई पोरासाठी शिदोरी बांधती. ती बांधून झाली का नाय, ते तुम्ही रगत काढून बघनार.”

मी म्हटलं, “अगदी बरोबर.”

“मंग हात लावून बघा की. रगत कशाला?”

मला हसू आलं. नव्याने पीएच.डी.ला लागलेल्या माणसाला असंच हसू येतं.

काका मादी तपासायचे, ते बघण्यासारखं होतं. आधी विहिरीच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचे. कोरडा हात माशाला कधी लावायचे नाहीत. मग झोळीत धरलेल्या मादीच्या पोटाखाली तळवा सरकवायचे आणि डोळे मिटायचे. तेवढ्यावर सांगायचे, “ही आज नाय देनार. परवा बघा.” किंवा, “हिला संध्याकाळीच द्या, हिचं भरलं.” मी शेपटीजवळच्या शिरेतून रक्त काढायची, शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून बाटलीत टाकायची आणि वहीत नोंद करायची. वहीत तारीख, मादीचा क्रमांक, वजन असे रकाने होते. गंमत म्हणून मी शेवटी एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, ‘काकांचा अंदाज’.

पहिला हंगाम संपला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी प्रथिनं मोजली आणि आकडे त्या रकान्याशेजारी मांडले. माझं हसू तिथेच विरलं. काका ‘भरलं’ म्हणाले होते त्या बहुतेक माद्यांच्या रक्तात बलकाच्या प्रथिनाने शिखर गाठलेलं होतं. ते ‘परवा’ म्हणाले होते तिथे ते अजून चढत होतं. जिथे माझा आकडा आणि त्यांचा तळवा यांचं जमलं नाही, तिथे मादीने त्यांचंच ऐकलं होतं. मी तो तक्ता घेऊन धावत माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सरांनी चष्मा वर केला, वही पाहिली आणि म्हणाले, “हा शेवटचा रकाना काढून टाका. याला एकक काय देणार तुम्ही?”

मी काढून टाकला. प्रबंधाच्या मसुद्यातून काढला, वहीत मात्र तो राहिला.

काकांच्या हाताला गुण आहे, हे त्या भागात सगळे मानत. कुणी नवं शेततळं केलं की मासे सोडायची पहिली ओंजळ काकांच्या हातची हवी असायची. द्राक्षाची नवी लागवड असली की पहिली काडी लावायला त्यांना गाडी पाठवून नेत. त्यांच्या गावी तर भाताच्या राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, बियाण्याची पहिली मूठ त्यांचीच पडायची, आणि लहान बाळाच्या उष्टावणाचा पहिला घास भरवायलाही लोक त्यांनाच बोलवत. काकांना याचा गर्व नव्हता, पण ते हाताला जपायचे खरे. तंबाखू सोडली होती. एकदा मी त्यांना कोंबडीचा खुराडा साफ करायला लागलेलं पाहिलं, तर त्यांच्या सुनेनेच त्यांच्या हातातून झाडू काढून घेतला. “तुमी नका, मामंजी. सांजच्याला सुई द्यायची हाय.”

ही सून आणि मुलगा हॅचरीवरच, पंपाच्या खोलीशेजारी राहायचे. तिच्या हातची नागलीची भाकर आणि उडदाची आमटी मी तीन हंगाम खाल्ली. मी मासे खात नाही हे कळल्यावर तिने पदर तोंडाला लावून इतकं हसून घेतलं की काकांनी तिला दटावलं.

आता त्या माशांच्या घराण्याबद्दल. काकांची एक लाडकी मादी होती, तिला ते ‘थोरली’ म्हणत. हॅचरी सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या माशांतली. दर वर्षी न चुकता भरपूर अंडी द्यायची. तिची पिल्लं चपळ, रंगाने उजळ. काका दर हंगामात तिच्या पहिल्या वेतातली सगळ्यात देखणी पिल्लं, लेकी आणि लेक दोन्ही, वेगळ्या तळ्यात राखून ठेवत आणि बाकीची विकायला देत. राखलेली मोठी झाली की पुढची अंडी त्यांच्याकडून. पुढे त्यांच्या पिल्लांतली देखणी राखायची. मालकाने मध्ये दुसऱ्या हॅचरीतले नर आणायचं काढलं, तर काकांनीच मोडता घातला. “बाहेरचा वान कसला, कुनाच्या हातचा, काय म्हाईत? घरचं बियानं ते घरचं.”

यात मूर्खपणा काही नव्हता. काकांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या भात आणि नागली अशीच राखली होती. शेतातलं सगळ्यात भरलेलं कणीस निवडायचं, कणगीत वेगळं ठेवायचं, पुढच्या साली तेच पेरायचं. भात आणि नागली आपल्याच फुलातल्या परागाने फळतात, त्यांना घरातल्या घरात राहणं बाधत नाही. माशांना बाधतं. पण हे काकांना कुठून कळणार? ते कळायला माझ्यासारखी माणसं असतात आणि त्यासाठीच आम्हाला शिष्यवृत्ती मिळते.

दुसऱ्या हंगामापासून हौदात पांढरी अंडी दिसायला लागली. फळलेलं अंडं पाण्यात फुगून भिजवलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक होतं आणि आत काळसर ठिपका हलायला लागतो. मेलेलं अंडं दुधाळ पडतं. अंडी पडत होती वेळेवर, फळतही होती, पण निम्म्या वाटेवर ठिपका हलायचा थांबायचा. सकाळी हौदाच्या कडेला दुधाळ थर साचलेला असायचा. काका तो हाताने बाजूला करायचे.

मी परांचे तुकडे बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. कारण वेगळंच होतं, मला जनुकाची नुसती ओळख पटवायची होती. तिसरा हंगाम सुरू व्हायच्या थोडं आधी अहवाल आला. त्यात माशांची आपापसातली नातीही निघाली होती. हॅचरीतले जवळपास सगळे नर-मादी थोरलीच्या घरचे होते. बहीण-भाऊ, मावशी-भाचा, आजी-नातू. मला एका क्षणात सगळं दिसलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडलेली असली तरी दुसरी निभावून नेते, गर्भाला लागणारं प्रथिन बनत राहतं. पण आई-बाप एकाच घरातले असले तर त्याच बिघडलेल्या दोन प्रती एका अंड्यात येण्याची शक्यता वाढते, आणि मग ते प्रथिन बनतच नाही. शिदोरी भरगच्च असून पोर वाटेतच मरतं. काकांच्या माशांत पिढ्या लोटल्या होत्या, म्हणजे अशी एक नव्हे, अनेक जनुकं अडली असणार. आणि माझे बलकाचे आकडे तर सांगतच होते की माद्या पूर्ण भरलेल्या होत्या, सुई अगदी वेळेवर पडली होती. हात बिनचूक होता. उपायही सोपा होता. दुसऱ्या धरणावरच्या हॅचरीतून चार-सहा नर आणायचे, झालं.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, “आधी पेपर जाऊ द्या. हे आत्ता बाहेर फुटलं तर उद्या दुसरं कुणी छापेल. शिवाय तुमचा तिसरा हंगाम बाकी आहे. मध्येच मासे बदलले तर तुलना कशाशी करणार?”

सरांवर ढकलून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं असं की सरांच्या तोंडून ते ऐकून मला हायसं वाटलं. एकाच घराण्यातले मासे असल्यामुळे माझे आलेख इतके स्वच्छ येत होते की परिसंवादात लोक थांबून बघत. नवे नर आले असते तर ते विस्कटले असते. मी स्वतःला मात्र वेगळंच सांगत होते. काकांना वाईट वाटेल, त्यांनीच तर हे मासे निवडले, मालक त्यांना बोल लावेल. एवढा एक हंगाम जाऊ दे, मग निवांत बसून सांगू. माणूस स्वतःच्या सोयीला दुसऱ्याबद्दलच्या काळजीचं नाव किती चटकन देतो, ते मी तेव्हा शिकले. म्हणजे शिकायला हवं होतं.

तिसऱ्या हंगामातली ती सकाळ मला स्वच्छ आठवते. आदल्या संध्याकाळी काकांनी सहा माद्यांना सुई दिली होती, माझ्यासमोर. सकाळी मी पोचले तेव्हा मालक हौदाच्या काठावर उभा होता, आणि बोटुकलीची आगाऊ मागणी देऊन ठेवलेले दोन शेतकरीही आले होते. हौद पांढरा होता. एवढा पांढरा मी आधी पाहिला नव्हता. मालक तसा वाईट माणूस नव्हता. पण त्याला दोन गिऱ्हाइकांसमोर काहीतरी बोलणं भाग होतं.

“काका,” तो म्हणाला, “तुमच्या हाताला आता यश नाय राह्यलं बघा.”

काकांनी हौदातला हात बाहेर काढला. त्याला दुधाळ अंडी चिकटलेली होती. ते हाताकडे बघत राहिले. सून दारात भांडं घेऊन उभी होती, तीही बघत राहिली. एक शेतकरी समजुतीने म्हणाला, “वय झालं म्हणजे उतरतो हात. माझ्या आजोबांचा बी उतरला व्हता.” मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारायचं म्हणून नाही, नुसतं पाहिलं. तीन वर्षं रक्त काढणारी, शिकलेली बाई समोर उभी आहे, ती काहीतरी बोलेल, असं कुणालाही वाटलं असतं.

अहवाल माझ्या पिशवीत होता. डब्याच्या खाली, प्लास्टिकच्या फाईलमध्ये. मी म्हणाले, “पाण्याचं तापमान बघायला हवं.” आणि खरंच थर्मामीटर काढून हौदात बुडवलं.

एवढंच मी केलं. त्या थर्मामीटरचा आकडासुद्धा मी वहीत लिहिला आहे, अजून दिसतो.

काकांनी त्यानंतर सुई हातात घेतली नाही. मालकाने थांबवलं नव्हतं, त्यांनीच घेतली नाही. महिन्याभरात मुलगा-सुनेला घेऊन ते गावी निघून गेले. मालकाने मराठवाड्याकडून एक नवा माणूस आणला, आणि तो माणूस येताना आपल्या ओळखीच्या हॅचरीतले मासे घेऊन आला. पुढचा हंगाम भरभरून गेला. हौद साबुदाण्याने भरले. जो तो म्हणायला लागला की नव्या माणसाच्या हातात काय गुण आहे बघा. मी तिथे होते, माझं उरलेलं सामान आवरत होते, आणि त्या नव्या माणसाच्या हाताचं कौतुक कानांनी ऐकत होते. नवे मासे आले म्हणून अंडी जगली, हे त्या आवारात फक्त मला ठाऊक होतं. तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती? पेपर गेला होता. प्रबंध बांधायला टाकला होता. आता सांगून उपयोग काय, काका तर गेले, असं म्हणून मी गप्प बसले. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मी लिहिलं आहे, ‘हॅचरीतील कर्मचाऱ्यांच्या सहकार्याबद्दल’.

मला नोकरी लागली. आता मी वर्गात जनुकं आणि प्रथिनं शिकवते. जवळच्या नात्यातल्या प्रजननाचा धडा आला की फळ्यावर दोन प्रतींची आकृती काढते आणि दर वर्षी खडू त्या जागी थोडा वेळ थांबतो. विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडम आठवतायत.

अशी काही वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात पंचवटीतल्या भाजीबाजारात मी वाल घेत होते. समोर खाली बसलेली बाई म्हणाली, “ताई, तुमी मासं न खानाऱ्या ताई ना?”

ती काकांची सून होती. थोडी वाळलेली, हसू तेच. डोंगरातला माल घेऊन आठवड्यातून एकदा येते म्हणाली. मी काकांची चौकशी केली. तिने वाल मापता मापता सांगितलं, “हायेत बरे. पन कशाला हात लावीत नाय. राबातली मूठ सुदिक दुसऱ्याला धराया लावत्यात. माझा हात मेलाय म्हनत्यात.” मग वर बघून म्हणाली, “तुमाला त्यानला भेटाया येता यील का? तुमचं नाव काढत्यात कधी कधी.”

माझ्या हातातली पिशवी जड झाली, असं काही मी म्हणणार नाही. मला लाज वाटली. भर बाजारात, इतकी वर्षं उलटून गेल्यावर, कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी ती जुनी वही घेऊन पेठच्या रस्त्याला लागले. घाट चढल्यावर फाट्यावर मुलगा घ्यायला आला होता. घर नीटनेटकं, कुडाचं, पुढे सारवलेलं अंगण. काका ओट्यावर बसले होते. म्हातारे झाले होते. हात टॉवेलखाली मांडीवर ठेवलेले. अंगणात तीन-साडेतीन वर्षांची नात खेळत होती.

चहा झाला. मी वही उघडली आणि तो रकाना दाखवला. काकांना वाचायला थोडं थोडं येतं. त्यांनी बोट न लावता, मान पुढे करून वाचलं, “काकांचा अंदाज.” मी एकेक ओळ सांगत गेले. तुम्ही हे म्हणालात, माझं यंत्र हे म्हणालं, मादीने तुमचं ऐकलं. मग अहवालाचं सांगितलं, थोरलीच्या घराण्याचं, दोन प्रतींचं. भात आणि माशांतला फरक सांगितला. मी हे शिकवून शिकवून सराईत झाले आहे, त्यामुळे फार छान सांगितलं. सांगताना मला माझ्याच सराईतपणाचा राग येत होता.

“म्हंजे हात बरूबर व्हता,” काका म्हणाले.

“बिनचूक होता, काका. शेवटच्या दिवसापर्यंत.”

त्यांनी पुन्हा मान पुढे करून त्या रकान्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “पन पोरी मीच राखल्या. तिच्याच घरच्या.”

“तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत असायचं काही कारणही नव्हतं.”

“उपाय काय व्हता मंग?”

“बाहेरचे नर आणायचे.”

“किती?”

“चार-सहा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता सुटले. आणि तेवढ्यात त्यांनी तो प्रश्न विचारला, जो विचारतील म्हणून मी आख्ख्या घाटात घाबरत आले होते.

“तुमाला कवा कळलं हे?”

खोटं बोलणं सोपं होतं. नंतर कळलं, आत्ता कळलं, यातलं काहीही त्यांनी मानलं असतं. मी म्हणाले, “त्या सकाळच्या आधी. हौद पांढरा झाला त्या दिवशी कागद माझ्या पिशवीत होता.”

सून दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला, पण या वेळी हसली नाही. काका रागावले नाहीत. रागावले असते तर मी आज जरा बरी असते. त्यांनी अंगणातल्या नातीकडे पाहिलं आणि हळू आवाजात, जणू आपल्याशीच, हिशेब लावावा तसं म्हणाले, “ही तवा झाली नव्हती. हिच्या उष्टावनाला सगळे म्हनले, आजानं भरवावं. मी घरातनं निघून गेलो. गावातल्या समद्या पोरान्ला भरवलं, हिला नाय. म्हनलं, मेल्या हाताचा पयला घास नको पोरीला.”

मी माफी मागितली. शब्द काय होते ते आठवत नाही, बहुतेक फार होते. काका म्हणाले, “जाऊ द्या ताई. तुमचं बी काम व्हतं.” हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, त्यामुळेच ते अजून खुपतं.

मी निघायला उठले, तेव्हा नात धावत आली. तिच्या मुठीत भाजलेली भुईमुगाची शेंग होती. तिला ती फुटत नव्हती. तिने ती सरळ आजोबांपुढे धरली. मी थांबले. सूनही थांबली. काकांचा उजवा हात टॉवेलखालून बाहेर आला, पोरीच्या दिशेने थोडा पुढे गेला. आता त्यांना सगळं माहीत होतं. मी स्वतः येऊन, वही उघडून, ओळीओळीने सांगितलं होतं.

मग तो हात पुन्हा मांडीवर गेला आणि ते दाराकडे वळून म्हणाले, “इला शेंग फोडून दे गं.”